कमळाबाईची रणपेटी

कमळाबाईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, कारण बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या त्या चाळीत नळाला पाणी तेव्हाच यायचं. नळ खाली अंगणात, खोली वर, मध्ये दगडी जिना. दोन हंडे आणि दोन बादल्या वर नेऊन झाल्या की ती वरच्या पायरीवर टेकायची. दम लागलेला नसायचा. गुडघे पुन्हा वाकायला तयार होईपर्यंत थांबावं लागायचं, एवढंच.

"मंदाला पाठवा की हो खाली," शेजारणी म्हणायच्या. मंदा तिची मुलगी. शिवणाच्या दुकानात दिवसभर काजं-बटणं करायची.

"निजू दे तिला. तिचे डोळे चाललेत, माझे गुडघे. एका घराला एका वेळी एकच दुरुस्ती झेपते."

मग भाकरी, डबा, आणि सुभानपुऱ्याच्या पलीकडच्या शेडपर्यंत पायी वाट. बस होती, पण बसची पायरी उंच. चढताना एकदा आणि उतरताना दोनदा जीव जायचा. त्यापेक्षा चालणं बरं.

शेड एका खासगी कंपनीची. जमिनीखाली तेल आहे की नाही याची मोजणी करायला कंपनीच्या जीपगाड्या कच्छच्या रणाकडे जायच्या. रस्ता जिथं संपतो तिथून पुढं त्यांचं काम सुरू व्हायचं. वर खारट पापुद्रा, खाली चिखल. दोन-दोन दिवस माणूस दिसत नाही, मग मेकॅनिक कुठून दिसणार? म्हणून प्रत्येक जीपमागे सुट्या भागांची एक लोखंडी पेटी असायची. तिला सगळे रणपेटी म्हणायचे. ती भरायचं काम कमळाबाईकडे होतं. तिनं स्वतः रण कधी पाहिलं नव्हतं.

हे काम तिला मिळालं ते नवऱ्यामागून. श्रीकृष्ण त्याच शेडमध्ये फिटर. रविवारी तो पार्ट घरी आणायचा, रॉकेलच्या थाळ्यात धुवायचा, आणि ते पुसून द्यायचं काम तिच्याकडे. पुसता पुसता तो बोलायचा आणि ती ऐकायची. काविळीनं तो गेला तेव्हा कंपनीनं तिला शेड झाडायला ठेवून घेतलं. पुढच्या हंगामात नव्या फिटरनं भरलेली पेटी घेऊन एक जीप गेली आणि रणात बसली. पेटीत हेडलाइटचे बल्ब होते, हॉर्न होता, वायपरसुद्धा होते. पंख्याचा पट्टा तेवढा नव्हता. ती जीप बापूची. श्रीकृष्णचा जुना दोस्त. ओढून आणलेल्या गाडीतून उतरला तो तडक झाडू मारणाऱ्या कमळाबाईसमोर उभा राहिला.

"वहिनी, श्रीकृष्ण पेटीत काय घालायचा?"

तिनं झाडू न ठेवता सांगितलं. तेव्हापासून पेटी तिची.

तिची रीत सोपी होती आणि कष्टाची होती. जो भाग मोडला की गाडी जागची हलत नाही, तो आधी. मोडला तरी रडतखडत घरी आणतो, तो जागा उरली तर. मोडला तर नुसता त्रास देतो, तो नाहीच. हॉर्नवाचून रणात कुणाचं अडत नाही. मग वजन. पेटी जड झाली की गाडीच्या स्प्रिंगचे पाटे तुटतात, म्हणजे पाटे तुटतील म्हणून जास्त पाटे घेतले तर ते त्याच पायी तुटणार. एक मुख्य पाटा, त्याचे बोल्ट, एक ॲक्सल, चाकाची बेअरिंगं, क्लचची प्लेट, रबरी पाइप, पट्टे, डिझेल ओढणारा फीड पंप, तांब्याचे वायसर. कोपऱ्यात बांधायची तार आणि धुण्याच्या साबणाची वडी. टाकी ठिबकायला लागली तर साबण चोळून बंद करतात.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे, कोरा भाग पेटीत जायचा नाही. नवा पंप आणला की आधी तो जीपवर चढवायचा, आठवडाभर बडोद्यातच पळवायचा, मग उतरवायचा, धुवायचा, त्याच्या तोंडांना लाकडी बुचं मारायची, ग्रीस फासायचं, मेणकागदात बांधायचं. पुडक्यातून निघालेल्या नव्या भागाचा भरवसा काय? पळालेला भाग काय करतो ते ठाऊक असतं. एका पेटीला असे आठ-दहा भाग, आणि प्रत्येकाचं चढवणं-उतरवणं फिटरच्या मागे लागून करून घ्यायचं. धुणं-पुसणं-बांधणं मात्र तिचं, जमिनीवर, उकिडवं बसून. पूर्वी टेबल होतं. ते वरच्या खोलीत कॉम्प्युटरखाली गेलं.

बाहेरच्या मालाला बाजार उघडल्यापासून निवडायचं काम वाढलं होतं. पूर्वी पट्टा म्हणजे एकच पट्टा, मिळाला तर नशीब. आता पीयूषभाईच्या दुकानात एकाच पट्ट्याची पाच रंगीत पुडकी.

"आ लई जाओ ने, कमळाबेन. एकदम ओरिजिनल छे!"

"मागच्या महिन्यात यालाच तुम्ही डुप्लिकेट म्हणत होतात, पीयूषभाई."

"तेव्हा माझ्याकडे नव्हतं ना!"

ती पट्टा उलटा दुमडायची, कडेला नख लावायची, वास घ्यायची. बेअरिंग कानाशी धरून फिरवायची. दुकानातली गिऱ्हाइकं हसायची. पीयूषभाई हसत नसे, कारण ती खराब माल परत घेऊन यायची तेव्हा त्यालाच उठून पाणी द्यावं लागायचं.

पंच्याण्णव सालच्या पावसाळ्याअखेर आनंदनं तिला वर बोलावलं. आनंद शेडचा नवा साहेब, बडोद्याचाच, मराठी घरातला, बोलायला मऊ. ती जिना चढून गेली तोवर त्यानं खुर्ची पुढं सरकवली होती. खुर्ची दिली म्हणजे काहीतरी काढून घेणार, हे तिला कळलं.

"कमळाबाई, मुंबईच्या हेड ऑफिसातून विचारणा आलीये. डीलर आता तयार सीलबंद किट देतात. पेटी भरायला वेगळं माणूस कशाला, असं म्हणतायत."

"किटमध्ये काय असतं?"

"सगळंच."

"सगळं मावत नाही, साहेब."

"मी त्यांना सांगितलंय, हा एक हंगाम पेट्या तुमच्याच जाऊ देत. तुमच्या पेटीवर गाडी कधी बसलेली नाही, हेच माझं बोलणं. पण यंदा काही झालं तर मला तोंड राहणार नाही."

"मग माझं काय?"

"नोकरी जाणार नाही. अलकापुरीच्या ऑफिसात साफसफाईला बाई हवीच आहे. पगार तोच."

"कितवा मजला?"

"तिन्ही मजले आपलेच आहेत."

"लिफ्ट?"

आनंद हसला. "तीन मजल्यांना लिफ्ट कोण लावतं?"

ती खाली आली आणि पुन्हा उकिडवी बसली. बसून केलेल्या कामानं गुडघे झिजतात, पण बसल्या जागी झिजतात. दिवसभर बादली घेऊन जिने चढायचे म्हणजे ते वर्षभरही टिकले नसते. आता साऱ्याचा निकाल या हंगामावर होता.

म्हणून त्या वर्षी तिनं दसऱ्याची पूजाही जास्त मनापासून केली. खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारं पुजायची रीत श्रीकृष्णनं पाडली होती. गुजराती पोरं दुसऱ्या दिवशी गाड्यांना हार घालून फाफडा-जलेबी वाटायची, पण पाने-पक्कडी मांडून त्यांना हळदकुंकू वाहायचं ते या मराठी माणसांचं काम. एरवी ती हत्यारंच मांडायची. यंदा वाटलं, पेट्याही मांडाव्यात. देवासमोर काही ठेवायचं तर गाठोड्यात बांधून कसं ठेवणार? तिनं मेणकागद सोडले, ग्रीस पुसलं, पंपाच्या तोंडांची बुचं काढली आणि सगळे भाग पाटावर ओळीनं लावले. झेंडू, हळद, कुंकू. ओंजळभर कुंकवाच्या अक्षता वाहताना तिनं डोळे मिटले. बापू मागून म्हणाला, "वहिनी, क्लच प्लेटला नैवेद्य नाही का दाखवायचा?"

"तुला दाखवलाय ना, तेवढा पुरे. जा, फाफडा खा."

दसरा उलटला. सगळं पुन्हा पुसलं, बुचं मारली, ग्रीस फासलं, बांधलं. त्या कामाला तिला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला, कारण एकच काम तिनं दोनदा केलं होतं.

देवदिवाळीनंतर वाटा वाळल्या आणि जीप निघाल्या. बापूच्या गाडीत तो आणि मोजणीची दोन माणसं. पेटी चढवताना एक कडी त्यानं धरली, एक तिनं.

"जड झालीये, वहिनी."

"पेटी तेवढीच आहे. तू म्हातारा झालास."

रोज संध्याकाळी आनंदच्या खोलीत वायरलेसवर गाड्यांचा निरोप यायचा. पहिले काही दिवस बापूचा आला. मग एका संध्याकाळी आला नाही. आनंदनं दोनदा हाक दिली, खरखर ऐकली आणि यंत्र चालूच ठेवलं. कमळाबाई जिन्याखाली थांबून राहिली. वर जायचं तिला सुचलं नाही. तिनं मनातल्या मनात पेटी उघडली आणि तळापासून एकेक भाग काढून पाहिला. सगळं होतं. सगळं पळालेलं होतं. तरी घरी जाताना वाटेत तिनं पेटी पुन्हा एकदा मोजली. मंदानं ताट वाढलं तेव्हा ती म्हणाली, "पाणी किती घेतलं होतं त्यांनी, ते मी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. गाडी चालू झाली, माणसं ठीक. कुणी मेलं नाही, कुणाला दवाखाना लागला नाही. आनंदनं खिडकीतून ओरडून तिला सांगितलं.

आठवड्यानं जीप शेडमध्ये शिरली. ओठ फुटलेले, केस मिठानं पांढरे झालेले, पण बापू खुशीत होता. गाड्या धुणारे, फिटर, वॉचमन, सगळे भोवती जमले. बापूला गोष्ट सांगायला माणसं लागायची आणि आज त्याच्याकडे गोष्ट होती.

"खडीर बेटाच्या अलीकडे गाडी बसली. फीड पंप गेला, इंजिन बंद म्हणून वायरलेसही बंद. म्हटलं काय चिंता आहे, वहिनीची पेटी आहे! पेटीतला पंप चढवला, हातानं दाबतोय, दाबतोय, डिझेल चढत नाही. म्हटलं डिझेलची लाइन हवा घेतेय. टाकीपासून सगळे जोड सोडले, वायसर बदलले, पुन्हा आवळले. नाही. पाइप काढून फुंकून पाहिले. नाही. दिवस गेला. पिण्याचं पाणी संपलं, रेडिएटरसाठी ठेवलेल्या कॅनमधलं प्यायलो, त्याला रबराचा वास! सकाळी तो मोजणीवाला पोरगा म्हणतो, बापूकाका, पंपच खोलून बघा की. मी त्याला झापला. म्हटलं हा कमळाबाईच्या पेटीतला पंप आहे, तो बिघडूच शकत नाही. शेवटी करायला काही उरलंच नाही म्हणून खोलला. आणि काय निघालं सांगा?"

त्यानं सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं.

"तांदूळ! कुंकू लावलेला तांदूळ, झडपेच्या खाली असा आडवा! वहिनीनं पंपाला अक्षता वाहिल्या आणि पंपानं त्या गिळल्या! लग्न लावलं होतंत का त्याचं, वहिनी?"

शेड हसण्यानं दणाणली. कमळाबाईही हसली असावी, कारण सगळ्यांची तोंडं तिच्याकडे होती. मग बापूचं लक्ष वर गेलं. आनंद जिन्यावर उभा होता. तो हसत नव्हता आणि रागावलेलाही नव्हता. त्याचं ऐकून झालं होतं, एवढंच.

बापूचं तोंड उतरलं. "साहेब, गंमत करतोय मी. पंपच डुप्लिकेट होता. पीयूषभाईकडचा माल आजकाल..."

"पंप चांगला होता," कमळाबाई म्हणाली. "आठवडाभर पळवलेला. बुचं मी काढली. अक्षता मीच टाकल्या."

"वहिनी, तुम्ही गप्प बसा ना!"

"पीयूषभाईनं काय केलंय? त्याचा माल बंद करशील तू?"

आनंद खाली आला. त्यानं तो पंप मागून घेतला, हातात फिरवला आणि बापूला विचारलं, "एक दिवस का गेला? पंप खोलायला किती वेळ लागतो?"

"पंप खोलायला कितीसा वेळ लागणार, साहेब."

"मग?"

बापू बुटाला चिकटलेलं मीठ खरवडायला लागला. कमळाबाईला उत्तर कळलं होतं. दुसऱ्या कुणाची पेटी असती तर त्यानं पंप आधी खोलला असता. तिची होती म्हणून शेवटी खोलला. इतकी वर्षं प्रत्येक भाग चढवून, उतरवून, धुऊन तिनं जो भरवसा कमावला होता, त्यापायीच तिघं दिवसभर उन्हात रबराचं पाणी प्यायले. हे आनंदला सांगता आलं असतं. पण त्यानं काही बदललं नसतं.

"मुंबईला मी आपणहून कळवणार नाही," आनंद म्हणाला. "पण विचारतील. आणि विचारलं तर..."

"खोटं सांगू नका."

तो गेल्यावर बापू तिच्याजवळ येऊन बसला. उकिडवा. त्यालाही आता तसं बसणं जड जात होतं.

"माझी जीभ छाटा, वहिनी."

"छाटून काय करू? पेटीत घालू?"

"तुम्ही तरी पूजेत पंप कशाला..."

"बांधून ठेवलेलं देवाला चालत नाही, असं वाटलं." ती उठायला लागली. त्यानं हात पुढं केला. तिनं तो धरला, उठली आणि मग सोडला. "दुसरी गाडी परवा जायचीय. तिच्या पेटीतला पंप खोलून बघते. तो फिटर ऐकायचा नाही, तू उभा राहा."

हंगामभर तिनं पेट्या भरल्या. प्रत्येक पंप पुन्हा खोलून, फुंकून, पुन्हा चढवून, पळवून, उतरवून. एकही गाडी बसली नाही. पण उन्हाळ्यात मुंबईहून सीलबंद किट आली, लाल पुठ्ठ्याची, आत हॉर्न असलेली. पेटी बंद झाली. दोन वर्षांनी शेडही बंद झाली. कंपनी भाड्याच्या गाड्या घ्यायला लागली आणि रणात काय मोडलं ते भाड्याच्या गाडीवाल्यानं बघायचं ठरलं.

कमळाबाई अलकापुरीला गेली. तीन मजले. सकाळी वरून खाली झाडायचं, मग खालून वर पुसायचं. भरलेली बादली एका वेळी एकच पायरी वर ठेवायची, मग आपण चढायचं, मग पुन्हा बादली. असा जिना चढायला लागणारा वेळ पाहून ऑफिसातली पोरं म्हणायची, "मावशी, दोन फेऱ्यांत अर्धी-अर्धी न्या ना." एकदा तिनं उत्तर दिलं. "दोन फेऱ्या म्हणजे जिनाही दोनदा, बाळा." त्यानंतर तिनं कुणाला सांगायचं सोडलं. कठड्याची लाकडी पट्टी मधल्या मजल्यावर तिच्या हातानं गुळगुळीत झाली होती. पहिल्या वर्षात गुडघे जातील असं तिला वाटलं होतं. ते गेले नाहीत, पण वाकायचे बंद झाले. मांडी घालणं गेलं. देवासमोर बसणं गेलं. मग पाटाऐवजी स्टुलावर जेवणं आलं. बापू कधीतरी भेटायला यायचा तेव्हा तोही भिंतीला टेकून उभा राहायचा. दोघांपैकी कुणीच जमिनीवर बसत नसे.

सगळ्यात अवघड होतं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. चाळीचा संडास अंगणाच्या टोकाला, सामाईक, बसका. तिथं बसलं की उठता यायचं नाही. ती दाराची आतली कडी धरून उठायची. एकदा कडीच हातात आली. बाहेर रांग होती. मंदानं दार ढकलून तिला उठवलं आणि रांगेसमोरून हात धरून वर नेलं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मंदाचं लग्न होऊन गेलं होतं. जावयानं काही मागितलं नव्हतं. मंदा म्हणाली, "आई, साठलेल्यातून तुला गळ्यातलं कर काहीतरी. नाहीतर काशीला जाऊन ये."

"काशीला जाऊन बसायचं कुठं?"

मंदाला आधी कळलं नाही. मग कळलं आणि तिनं मान खाली घातली.

खोलीतच संडास बांधायचा म्हणून चाळीच्या मालकाची परवानगी काढायला महिने गेले. पाइप कुठून न्यायचा यावरून खालच्या खोलीवाल्यांशी भांडण झालं आणि मिटलं. शेवटी खोलीच्या मागच्या कोपऱ्यात, मोरी होती तिथं, भिंत उभी राहिली. गवंडी पांढरं भांडं घेऊन आला तेव्हा चाळीतल्या बायका बघायला जमल्या. खुर्चीसारखा संडास त्यांच्यापैकी कुणाच्याच घरात नव्हता.

"बाई, हे तर साहेबांचं असतं!"

"साहेबांचे गुडघे वाकतात," कमळाबाई म्हणाली. "त्यांना कशाला?"

गवंड्यानं उंची विचारली. तिनं स्वतः पाय सरळ करून गुडघ्याच्या वाटीपासून दोन बोटं वर खूण दाखवली. त्यानं खाली विटांचा थर दिला, भांडं बसवलं, सिमेंट भरलं आणि दोन दिवस पाणी मारायला सांगून गेला. तिसऱ्या दिवशी तिनं आत जाऊन दार लावलं. बसली. हात मांडीवर ठेवले. मग उठली. भिंत धरावी लागली नाही.